जज्जसाहेबांचा नाश्ता

अहो वहिनी, या की जरा भिंतीजवळ. ती वालाची परातही आणा इकडेच, बोलता बोलता सोलून होतील. ऐकलंत का, सुप्रीम कोर्टाच्या जज्जाच्या कानफटात मारली! एक नाही, दोन. स्टेशनच्या खानावळीत, भर नाश्त्याच्या वेळी, सगळ्या पॅसेंजरांच्या देखत.

"अगं बाई! कधी? सकाळी बातम्या लावल्या होत्या मी, काही नव्हतं त्यात."

नसणारच. 14 ऑगस्ट 1889 ची गोष्ट आहे. आणि जज्ज अमेरिकेचा. स्टीफन फील्ड त्याचं नाव.

"काय हो ताई! मला वाटलं आजचं काहीतरी."

आजच्याला काय सोनं लागलंय? माझा जन्म कोर्टात गेला, शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले. रागीट जज्ज पाहिले, डुलक्या काढणारे पाहिले, दर अर्ध्या तासाला चहा मागणारेही पाहिले. पण तरुणपणी कोटाच्या दोन्ही खिशांत पिस्तुलं घालून हिंडलेला, वकील असताना कोठडीत जाऊन आलेला, आणि सुप्रीम कोर्टावर असताना खुनाच्या आरोपाखाली ज्याला अटक झाली असा जज्ज नव्हता पाहिला.

"खून? तुम्ही तर म्हणालात मार यानेच खाल्ला."

मार याने खाल्ला, मेला मारणारा. थांबा, उलट्या टोकाने सांगायला लागले मी. मारणारा होता डेव्हिड टेरी. तोही माजी जज्ज बरं का. कॅलिफोर्निया राज्याचं जे वरचं कोर्ट, त्याचा चीफ जस्टिस होता. आणि 1857 पासून फील्ड त्याच बेंचवर त्याच्या शेजारी बसायचा.

"म्हणजे ऑफिसातलं जुनं भांडण."

नुसतं ऑफिसातलं असतं तर दोघं पेन्शनीत निघाले असते. यात एक बाई आहे, एक करोडपती आहे, एक बनावट दस्त आहे. पण आधी या फील्डचं खानदान ऐका, म्हणजे माणूस कळेल.

कनेक्टिकटमधल्या हॅडम गावी 1816 साली जन्म. बाप पाद्री, घरात नऊ पोरं, आणि पोरं कसली, एकेक नग! सायरस म्हणून धाकटा, त्याने अटलांटिक महासागराच्या तळाशी तारेची केबल टाकवून घेतली. थोरला डेव्हिड डडली न्यूयॉर्कचा बडा वकील, त्याला कायदे एकत्र करून कलमवार लिहून काढायचा ध्यास. तुमच्या चिरंजीवांनी बिल्डरशी करार केला ना परवा? त्याला लागतो तो आपला 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट. त्यातली काही कलमं या थोरल्याने न्यूयॉर्कसाठी केलेल्या मसुद्यावरून घेतलेली आहेत.

"मग बिल्डर ताबा का देत नाही?"

त्याला डडली काय करणार? बरं, एक बहीण, एमिलिया. तिचा नवरा मिशनरी. तेरा वर्षांचा स्टीफन या दोघांबरोबर तुर्कस्तानात स्मर्नाला राहून आला. पुढे तिला तिथेच मुलगा झाला. हा भाचा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर स्टीफन शिकला, थोरल्याच्या ऑफिसात वकिली केली, युरोप फिरला, आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडलं म्हटल्यावर सगळं जग धावलं तसा हाही धावला. 28 डिसेंबर 1849 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरला तेव्हा खिशात दहा डॉलर. ट्रंका वाहून न्यायला सात गेले. दुसऱ्या दिवशी नाश्ता केला, त्याचे दोन. उरला एक.

"आणि गेला होता सोनं आणायला!"

पण माणूस धोरणी. येताना भावाने न्यूयॉर्कच्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बरोबर दिला होता. तिकडे घरच्या बातमीला माणसं हपापलेली. एकेक शिळा पेपर एकेका डॉलरला गेला! सामान गुंडाळायला म्हणून आणलेलं मऊ कातडं होतं, त्याचे तुकडेही सोन्याच्या भावाने विकले. एका कर्नलसाहेबाकडून भावाचे चारशे चाळीस डॉलर येणं होतं, तेही जाऊन वसूल केले. हे सगळं त्याने स्वतःच 1877 साली लेखनिक समोर बसवून सांगितलंय. तेव्हा खरं किती आणि तिखटमीठ किती, ते आपण समजून घ्यायचं.

पुढचं तर भारीच आहे. बोटीने नदीतून वर गेला. युबा आणि फेदर या नद्यांच्या संगमाशी नवं गाव वसत होतं, तंबू नि कच्च्या झोपड्या. प्लॉट विकायला काढलेले, अडीचशे डॉलरला एक. याने एकदम पासष्ट प्लॉटांवर सही ठोकली. सोळा हजार दोनशे पन्नास डॉलर! खिशात वीसही नव्हते.

"आणि विकणाऱ्याने मानलं?"

मानलं? गावात बोभाटा झाला की कुणी बडा सावकार आलाय. दोन-तीन दिवसांत निवडणूक निघाली आणि लोकांनी यालाच अल्काल्दे केला. मेक्सिकोच्या अमलातलं पद ते. न्यायाधीश, पाटील, फौजदार, सगळं एकाच डोक्यावर. विरोधक ओरडले, अहो याला गावात येऊन तीनच दिवस झालेत! तर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या उमेदवाराला झाले होते सहा.

"म्हणजे तो गावचा जुना जाणता."

हो ना! त्या गावाला पुढे मेरीजव्हिल नाव पडलं. आणि प्लॉटांचे भाव असे चढले की फील्डने बऱ्यापैकी माया जमवली. कारभारही केला म्हणा. तुरुंग नव्हता, पहारेकरी ठेवायला पैसा नव्हता, म्हणून चोराला खांबाला बांधून फटके. त्याचं म्हणणं, मी फटके मारले नसते तर जमावाने चोर झाडाला लटकावला असता. असेलही.

मग तिथे टर्नर नावाचा डिस्ट्रिक्ट जज्ज आला आणि या दोघांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. भर कोर्टात फील्डने त्याच्या एका हुकमावर हरकत घेतली, कायद्याचं पुस्तक उघडून वाचायला लागला. टर्नर भडकला. कोर्टाचा अवमान! पाचशे डॉलर दंड, अठ्ठेचाळीस तास कैद. एवढ्यावर भागलं नाही म्हणून वकिलीची सनदही काढून घेतली. वरच्या कोर्टाने सनद परत दिली, पण डूख राहिला. दोघं पेपरांतून एकमेकांची लक्तरं काढायला लागले. तेव्हाच फील्डने तो कोट शिवून घेतला. दोन्ही खिशांत पिस्तूल मावेल असा. आणि पिस्तूल बाहेर न काढता, खिशातूनच गोळी झाडायचा सराव केला.

"कोटाला भोकं पडली असतील की हो!"

पडली असतील. शिंप्याचा हिशेब त्याने लिहून ठेवला नाही. पण सूड कसा घेतला बघा. 1851 मध्ये आमदार झाला. थोरल्याच्या मसुद्यावर बेतून कॅलिफोर्नियासाठी दिवाणी नि फौजदारी कामकाजाचे कायदे लिहिले. खाणीवाल्यांनी आपापसांत जे नियम ठरवले होते तेच कोर्टाने मानावेत, असं कलम घातलं. फार शहाणपणाचं होतं ते, डोंगरात बसलेल्या माणसांचे तंटे त्यांच्याच रिवाजाने सुटायला लागले. आणि जाता जाता जिल्ह्यांची अशी फेररचना केली की टर्नरसाहेबांची उचलबांगडी थेट उत्तरेच्या रानात, ट्रिनिटी आणि क्लॅमथकडे.

"बदली! आपल्याकडे पण हेच करतात."

सगळीकडे हेच करतात. त्या दिवसांत फील्डचा एक जिवाभावाचा दोस्त झाला, ब्रॉडरिक. आमदारांच्या भांडणात फील्डने एकाला द्वंद्वाचं आव्हान पाठवलं, कुणी त्याच्या बाजूने उभं राहीना, तेव्हा हा राहिला. एकदा दारूच्या गुत्त्यात कुणीतरी फील्डवर पिस्तूल रोखलं, तर ब्रॉडरिकने मध्ये झेप घेऊन त्याला वाचवलं. पुढे तो सिनेटर झाला. गुलामगिरीवरून पक्षात तट पडले होते, हा गुलामगिरीच्या विरुद्ध, टेरी दुसऱ्या तटातला. बोलाचाली झाली, आणि सप्टेंबर 1859 मध्ये टेरीने द्वंद्वात त्याला गोळी घातली. तीन दिवसांनी ब्रॉडरिक गेला.

"आपला तोच टेरी? चीफ जस्टिस?"

तोच. द्वंद्वासाठी राजीनामा देऊन गेला होता. त्याच्या आधीही, 1856 मध्ये, खुर्चीवर असतानाच एकाला सुरा भोसकला होता याने. तो माणूस जगला म्हणून हा सुटला. सहा फुटांवर उंच, आडदांड, सुऱ्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. आणि रिकामी झालेली चीफची खुर्ची कुणाला मिळाली? फील्डला. दोस्त गेला, बढती आली. मनात काय झालं असेल कोण जाणे.

1863 मध्ये लिंकनने फील्डला वॉशिंग्टनला नेलं. पॅसिफिक किनाऱ्यासाठी सुप्रीम कोर्टावर दहावी खुर्ची काढली होती, तिच्यावर. हा दुसऱ्या पक्षाचा असूनही. शपथ मुद्दाम 20 मे ला घेतली, वडिलांचा ब्याऐंशीवा वाढदिवस होता म्हणून.

"हे बाकी आवडलं मला."

आवडेलच. पुढचं ऐकून आवडणार नाही. कॅलिफोर्नियातल्या जमिनींच्या दाव्यांत त्याने निकाल दिले, लोक दुखावले. 1866 च्या जानेवारीत टपालाने एक डबी आली. याला वाटलं फोटो असतील. झाकण जरासं उचललं, पण शेजारी एक ओळखीचे जज्ज बसले होते, ते म्हणाले, थांबा, उघडू नका. पाण्यात बुडवून मग तपासली, तर आत काडतुसं आणि झाकण उघडताच पेटतील अशा बसवलेल्या काड्या! सोबत पेपरचं कात्रण, त्याच्याच एका जमिनीच्या निकालाचं.

"हेच का ते न आवडणारं?"

नाही, ते निराळं. फील्डचं एक ब्रीद होतं. माणसाला आपला धंदा करायचा हक्क आहे, सरकारने मध्ये लुडबुड करू नये. न्यू ऑर्लिन्समध्ये राज्य सरकारने जनावरं कापायचा मक्ता एकाच कंपनीला दिला. खाटीक कोर्टात गेले. 14 एप्रिल 1873, सोमवार. पाच विरुद्ध चार असा निकाल खाटकांच्या विरुद्ध गेला. फील्डने चौघांतर्फे दणकेबाज भिन्नमत लिहिलं, की रोजगार करायचा हक्क हा स्वतंत्र नागरिकाचा हक्क आहे. टाळ्या वाजवाव्यात असं.

"वाजवते की. मग?"

मग मंगळवार उजाडला. शिकागोच्या मायरा ब्रॅडवेल नावाच्या बाईचा खटला. कायद्याचं साप्ताहिक चालवायची, परीक्षा पास, पण बाई म्हणून सनद नाकारली होती. कोर्टाने ती नाकारणी कायम केली. ब्रॅडली म्हणून जज्ज होते, सोमवारच्या चौघांतलेच. त्यांनी वेगळं लिहिलं की बाईचं देवाने नेमलेलं काम म्हणजे बायकोचं आणि आईचं. खाली सहमतीची सही कुणाकुणाची? त्यात आपले फील्ड.

"म्हणजे खाटकाला हक्क सोमवारी, आणि बाईला मंगळवारी चुलीपुढे! एका रात्रीत काय घरून सांगून पाठवलं बायकोने?"

सू व्हर्जिनिया तिचं नाव, मूलबाळ नव्हतं त्यांना. ती काय म्हणाली ते काही नोंदलेलं नाही. माझं या माणसाबद्दल मत कडू होतं ते इथेच. पण लगेच शिक्का मारू नका, कारण 1879 मध्ये त्याने एक फार मर्दानी काम केलं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मजुरांवर लोकांचा दात. नगरपालिकेने नियम काढला की तुरुंगात येणाऱ्या प्रत्येक कैद्याचे केस एक इंचावर कापायचे. दिसायला सगळ्यांना सारखा. पण वेणी कापली जाणं ही चिनी माणसाला भयंकर नाचक्की. हो आ काव नावाच्या एकाची कापली. त्याने शेरीफवर दावा लावला, आणि फील्डने नियम रद्द केला. म्हणाला, जज्ज झालो म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून घेऊ का? सगळ्या गावाला ठाऊक आहे हा नियम कुणासाठी काढलाय. उद्या सगळ्या कैद्यांना डुकराचं मांस खायला घाला आणि म्हणा ज्यूंसाठी वेगळं काही केलं नाही!

गोरं कॅलिफोर्निया पेटलं. फील्डला राष्ट्राध्यक्ष व्हायचे डोहाळे लागलेले, आणि घरचं राज्यच उलटलं. 1880 मध्ये पक्षाच्या अधिवेशनात पहिल्या फेरीला पासष्ट मतं पडली, बस. चीफ जस्टिस व्हायचीही आस होती, ती खुर्ची 1888 मध्ये फुलरला गेली.

"चांगलं केलं तेव्हा शिक्षा झाली म्हणायची."

आणि मग तो बदलला की मूळचाच तसा, देव जाणे. मे 1889 मध्ये एका चिनी मजुराचा खटला आला. बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहिलेला, परत येता येईल असा सरकारी दाखला घेऊन मायदेशी गेला. परत बोटीत बसला, आणि तो समुद्रात असताना काँग्रेसने कायदा करून दाखले रद्द केले. बंदरात अडवला. फील्डनेच निकाल लिहिला, की सरकारला परक्याला दारातून परत पाठवायचा पूर्ण अधिकार आहे. एकमताने.

"बाई कुठाय पण? तुम्ही म्हणाला होतात बाई आहे."

आली आली. विल्यम शॅरन. नेव्हाडाच्या चांदीच्या खाणीत गब्बर झालेला, माजी सिनेटर, सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलचा मालक, विधुर, साठीच्या घरात. आणि सॅरा अल्थिया हिल, तरुण, देखणी, तापट. 1880 पासून शॅरन तिला महिना पाचशे डॉलर द्यायचा आणि त्याच्याच ग्रँड हॉटेलात तिला खोली. वर्षभराने बिनसलं. जा म्हणाला, ही जाईना. तर खोलीची दारं बिजागऱ्यांसकट काढून नेली आणि खालचा गालिचाही उचलला!

"मेल्याला काही लाज!"

मग हिने कागद काढला. आमचं गुपचूप लग्न झालंय, हा बघा करार, शॅरनच्या सहीचा, 25 ऑगस्ट 1880 चा. मला काडीमोड आणि पोटगी द्या. शॅरन म्हणाला, सही बनावट. तो राज्याच्या कोर्टावर थांबला नाही, मी नेव्हाडाचा नागरिक म्हणून केंद्राच्या कोर्टात उलट दावा ठोकला. एकच कागद, दोन कोर्टं. साक्षीत तर काय काय निघालं, ज्योतिषीणबाई, वशीकरणाची औषधं, आणि त्याचे कपडे नव्या थडग्यात पुरण्याचा तोडगा.

"अय्या, तिकडे पण?"

तिकडे पण. राज्याच्या कोर्टाने 1884 च्या नाताळच्या आदल्या दिवशी सांगितलं, लग्न खरं, महिना अडीच हजार पोटगी. केंद्राच्या कोर्टाने वर्षभराने सांगितलं, कागद खोटा. मधल्या मध्ये शॅरन वारला. आणि ही? दोन महिन्यांच्या आत आपल्याच वकिलाशी लग्न करून मोकळी. तो वकील म्हणजे टेरी. बायको वारून वर्षच झालं होतं त्याला.

"आत्ता जुळलं सगळं!"

ऑगस्ट 1888. टेरी नवराबायको रेल्वेने चाललेत, त्याच डब्यात सॉयर जज्ज, कागद खोटा म्हणणाऱ्यांतले एक. ही शेजारून गेली आणि जाता जाता त्यांचे केस धरून हिसडा दिला. तारीख 14 ऑगस्ट, बरोबर वर्षाने काय होणार ते तेव्हा कुणाला ठाऊक? सप्टेंबरात फील्ड वॉशिंग्टनहून फिरतीवर सॅन फ्रान्सिस्कोला आला. त्या काळी सुप्रीम कोर्टाच्या जज्जांना असं फिरतीवर बसावं लागे. तो कागदाबद्दलचा निकाल वाचायला लागला, तोच सॅरा उठली. शॅरनच्या माणसांनी किती पैसे चारले तुम्हाला, असं भर कोर्टात विचारलं. फील्ड म्हणाला, मार्शल, बाईंना बाहेर न्या. मार्शलने हात लावताच टेरीने त्याला असा ठोसा दिला की दात पडला. बाहेर जाऊन सुरा उपसला, तो नीगल नावाच्या माणसाने हिसकला. बाईंच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर. अवमानासाठी टेरीला सहा महिने, तिला तीस दिवस.

"म्हणजे टर्नरने याला जे केलं, तेच याने टेरीला."

वहिनी, वकील व्हायला हवं होतं तुम्ही. फील्ड सनद देता ना, ही गोष्ट वेगळी! टेरी सहा महिने पुरे भोगून आला, आणि आत असतानाच बोलत सुटला की फील्ड परत आला तर बघतो. पेपरांत छापून यायला लागलं. मित्र म्हणाले, यंदा फिरतीवर जाऊ नका. हा म्हणाला, जाणार. निदान हत्यार तरी बाळगा. तर खिशातून गोळ्या झाडायला शिकलेला हा माणूस बहात्तराव्या वर्षी म्हणतो, नाही, जज्जाला आपल्या निकालापायी हत्यार बाळगावं लागलं तर कोर्टं बंद केलेलीच बरी. म्हणून अ‍ॅटर्नी जनरलच्या सांगण्यावरून त्याच नीगलला डेप्युटी मार्शल करून बरोबर दिला. उंचीने बेताचा, पण अ‍ॅरिझोनातल्या टूम्स्टोनचं पोलिसकाम केलेला.

लॉस एंजेलिसहून गाडी निघाली. पहाटे फ्रेझ्नोला टेरी नवराबायको चढले. लॅथ्रोपला गाडी नाश्त्याला थांबायची. नीगल म्हणाला, साहेब, गाडीतच खाऊन घेऊ. साहेब म्हणाले, छे, इथला नाश्ता चांगला असतो. जाऊन बसले. पाठोपाठ टेरी मंडळी आत. सॅराने फील्डला पाहिलं आणि तशीच मागे फिरली, गाडीतली पिशवी आणायला. टेरी बसला, मग उठला, टेबलांमधून फील्डच्या पाठीमागे आला आणि कानफटात दिली. पुन्हा एक. नीगल उभा राहून ओरडला, थांब, मी अधिकारी आहे. टेरीचा हात छातीकडे गेला असं नीगल म्हणतो. दोन गोळ्या. टेरी तिथेच आडवा.

"सुरा होता का त्याच्याजवळ?"

नव्हता! आयुष्यभर बाळगला, आणि त्या दिवशी झडतीत काही निघालं नाही. पिशवीत मात्र रिव्हॉल्व्हर होतं, बाई ती घेऊन दारापर्यंत आली होती. मग तिने फिर्याद दिली, दोघांवर, खुनाची. नीगलला तिथल्या शेरीफने आत टाकलं. फील्डला सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या चेंबरमध्ये जाऊन अटक. तो लगेच जामिनावर सुटला, गव्हर्नरनेच मध्ये पडून त्याच्यावरचा आरोप मागे घ्यायला लावला. नीगलचं मात्र सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

आणि इथे माझ्यातली शिरस्तेदार जागी होते. प्रश्न साधा होता. खून झाला कॅलिफोर्नियात, खटला कॅलिफोर्नियाने चालवायचा. केंद्राने माणूस सोडवायचा कुठल्या कायद्याने? जज्जाला अंगरक्षक द्यावा असा काँग्रेसचा कायदाच नव्हता. 1890 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, कलम नसलं तरी चालेल, कायद्यांची अंमलबजावणी नीट होते की नाही ते पाहणं हे राष्ट्राध्यक्षाचं कर्तव्यच आहे, त्यातच हा अधिकार आला. नीगल सुटला. अमेरिकन वकील आजही हा निकाल काढतात, राष्ट्राध्यक्षाचा हात किती लांब पोचतो याचा वाद निघाला की. आता मला सांगा, सरकारचे हात बांधा, हात बांधा म्हणत ज्याने जन्म काढला, त्याच्या गालापायी सरकारचे हात एवढे लांब व्हावेत!

"त्याने स्वतः निकाल दिला का?"

नाही, तो बाजूला बसला, तेवढं पथ्य पाळलं. पण सहा जणांत कोण होतं? डेव्हिड ब्रूवर. तीन-चार महिन्यांपूर्वीच सुप्रीम कोर्टावर आलेला.

"हा कोण?"

स्मर्नाचा भाचा.

"अग्गोबाई! मामा बाहेर, भाचा आत!"

मतं सहा होती, भाचा वजा केला तरी नीगल सुटला असता, म्हणून मी जास्त बोलत नाही. सॅराचं काय झालं विचाराल तर, नवऱ्याच्या मरणाच्या महिनाभर आधी राज्याच्या कोर्टानेही उलटून सांगितलं होतं की लग्न नव्हतंच. दोन्हीकडून गेली. 1892 मध्ये स्टॉक्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवली, आणि तिथे 1937 पर्यंत जगली. पंचेचाळीस वर्षं. ती लबाड असेलही, पण ज्याने दारं काढून नेली त्याला एक दिवसाचीही कैद झाली नाही.

"आणि फील्ड?"

बसून राहिला. वय झालं, विस्मरण व्हायला लागलं, सुनावणीत डुलकी लागायची. इतर जज्जांनी त्यांच्यातल्याच हार्लनला पुढे केलं, तुम्ही सांगून बघा निवृत्त व्हायला. हार्लनने आडून सुरुवात केली. आठवतंय का, 1870 च्या सुमाराला ग्रीअर म्हणून थकलेले जज्ज होते, त्यांना राजीनामा द्या म्हणून सांगायला गेलेल्यांत आपणही होतात? म्हातारा खाडकन जागा झाला. म्हणे, आठवतंय, आणि त्याहून घाणेरडं काम मी जन्मात केलं नाही! पुढे ह्यूज म्हणून चीफ जस्टिस झाले, त्यांनी सांगून ठेवलेला किस्सा आहे हा.

"मग नाहीच दिला?"

दिला की. 1897 च्या एप्रिलमध्ये लिहून दिला, पण लागू 1 डिसेंबरपासून. जॉन मार्शलचा सर्वांत जास्त काळ खुर्चीवर राहण्याचा विक्रम होता ना, तो मधल्या ऑगस्टात मोडत होता.

"लबाड! तरीच!"

शपथेपासून नाही, नेमणुकीपासून मोजलं तर चौतीस वर्षं आणि आठ महिने. पुढे 1973 पर्यंत कुणाला मोडता आला नाही तो. द्या आता ती परात इकडे, तुमच्याकडचे वाल तसेच राहिलेत.